दुसरं नाव आधी जाहीर करणारे उमेदवार
लेखमाला : निवडणूक समजून घेताना – लेखांक ११

मागच्या लेखात आपण राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतलं मतमूल्याचं गणित पाहिलं. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. जळगाव जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आणि धुळे जिल्ह्यात ५, म्हणजे या दोन जिल्ह्यांच्या आमदारांच्या हाती मिळून २,८०० एवढं मतमूल्य. पण चोपड्याचा किंवा साक्रीचा आमदार या मतानं फक्त राष्ट्रपती निवडतो. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्याला मतच नाही. ते काम संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांचं. आपल्याकडे ही दोन पदं अशी वेगळी ठेवली आहेत. अमेरिकेत ती एकाच मतपत्रिकेवर, एकाच शिक्क्यात बांधलेली आहेत. या बांधणीतूनच एक डाव जन्माला आला. हरत चाललेला उमेदवार आपल्या उपाध्यक्षाचं नाव वेळेआधी जाहीर करतो आणि बाजी पलटवू पाहतो. आजचा लेख त्या डावाविषयी आहे, आणि त्यातून आपल्या गावच्या निवडणुकीनं काय घ्यावं याविषयीही.

आधी रीत समजून घेऊ. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी दोन्ही मोठे पक्ष राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान घेतात. त्यातून निवडलेले प्रतिनिधी उन्हाळ्यात पक्षाच्या महाअधिवेशनात जमतात आणि उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. अधिकृत उमेदवार मग उपाध्यक्षपदाचा जोडीदार, म्हणजे त्याचा ‘रनिंग मेट’, पुढे करतो. पूर्वी हे नाव पक्षातले मातब्बर ठरवत. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्या नावाचा हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला. तेव्हापासून ही निवड उमेदवाराचीच, असं रूढ होत गेलं. ती जाहीर होते ती अधिवेशनात किंवा त्याच्या तोंडावर. ज्याची उमेदवारीच अजून पक्की नाही, त्यानं उपाध्यक्ष जाहीर करायचा म्हणजे साखरपुड्याआधी वरातीचा घोडा ठरवण्यासारखं. तरीही दोघांनी हे केलं, आणि दोघांनाही तसंच कारण होतं.

पहिले रोनाल्ड रेगन. १९७६ साली ते रिपब्लिकन पक्षात विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना आव्हान देत होते. राज्यांचं मतदान संपलं तेव्हा दोघांपैकी कुणाकडेही १,१३० प्रतिनिधींचं बहुमत पक्कं नव्हतं. फोर्ड थोडे पुढे होते आणि हाती सत्ता असल्यानं काठावरचे प्रतिनिधी त्यांच्याकडे सरकत होते. वर्तमानपत्रांनी रेगन यांचा पराभव एकदा छापला असता, तर उरलेलेही गेले असते. अशा वेळी, २६ जुलैला, म्हणजे अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी, रेगन यांनी जाहीर केलं की आपले उपाध्यक्ष पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर रिचर्ड श्वायकर असतील.

ही कल्पना त्यांचे प्रचारप्रमुख जॉन सिअर्स यांची. तिच्यात तीन हिशेब होते. पहिला, पेनसिल्व्हेनियाच्या मोठ्या गटातले काही प्रतिनिधी श्वायकर यांच्यामागे येतील. दुसरा, श्वायकर उदारमतवादी, कामगार संघटनांना जवळचे, त्यामुळे ‘रेगन फार टोकाचे आहेत’ हा आक्षेप बोथट होईल. तिसरा हिशेब सर्वांत धूर्त होता. रेगन यांच्या बाजूनं अधिवेशनात नियमदुरुस्ती मांडली गेली की प्रत्येक इच्छुकानं उमेदवारीच्या मतदानाआधी आपला उपाध्यक्ष सांगितलाच पाहिजे. फोर्ड यांनी कुणाचंही नाव घेतलं असतं, तरी पक्षातला एखादा गट दुखावला असता.

तिन्ही हिशेब चुकले. पेनसिल्व्हेनियात फोर्ड यांची बाजू सांभाळणारे ड्रू लुईस हे श्वायकर यांचे जुने मित्र. मैत्री राखूनही ते फोर्ड यांच्याकडेच राहिले. दक्षिणेतले कट्टर रेगनसमर्थक मात्र हादरले. ज्या विचारासाठी आपण रेगन यांच्या मागे उभे राहिलो, त्याच्याच विरुद्ध मतं देणारा माणूस ते शेजारी कसा बसवतात, हा त्यांचा सवाल होता. मिसिसिपीचे पक्षप्रमुख क्लार्क रीड फोर्ड यांच्याकडे गेले. नियमदुरुस्ती शंभराहून थोड्या अधिक मतांनी फेटाळली गेली आणि उमेदवारीचं मतदान फोर्ड १,१८७, रेगन १,०७० असं झालं. नव्या माणसांची मतं आणायला घेतलेल्या जोडीदारानं घरची मतं घालवली.

दुसरे टेड क्रूझ. २६ एप्रिल २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी एकाच दिवशी पाच राज्यं जिंकली. क्रूझ यांना पहिल्या फेरीत बहुमत मिळणं गणितानंच अशक्य झालं होतं. ट्रम्प यांना १,२३७ प्रतिनिधींच्या आत अडवायचं आणि अधिवेशनात दुसऱ्या फेरीची वाट पाहायची, एवढाच मार्ग उरला होता. दुसऱ्याच दिवशी, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरात, क्रूझ यांनी कार्ली फिओरिना यांना उपाध्यक्षपदाची उमेदवार म्हणून उभं केलं. फिओरिना या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या माजी प्रमुख. त्या स्वतः अध्यक्षपदाच्या शर्यतीत होत्या आणि फेब्रुवारीत बाहेर पडल्या होत्या. ट्रम्प यांच्यावर त्या बेधडक टीका करत, आणि पुढे मतदान व्हायचं असलेल्या कॅलिफोर्नियात त्यांनी २०१० मध्ये सिनेटची निवडणूक लढवलेली होती.

एक दिवस बातम्यांमध्ये ट्रम्प यांच्या विजयाऐवजी क्रूझ-फिओरिना दिसले. डावाचा लाभ तेवढाच. ३ मे रोजी इंडियानात ट्रम्प यांना सुमारे ५३ टक्के मतं पडली, क्रूझ यांना सुमारे ३७. राज्याचे सर्व ५७ प्रतिनिधी ट्रम्प यांच्याकडे गेले आणि त्याच रात्री क्रूझ यांनी माघार घेतली. फिओरिना यांची उमेदवारी आठवडाभरही टिकली नाही. इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी त्या मतदानाआधी क्रूझ यांना पाठिंबा दिला होता. पुढे जुलैत ट्रम्प यांनी त्याच पेन्स यांना आपला उपाध्यक्षपदाचा उमेदवार केलं. पण उमेदवारी खिशात पडल्यावर केलं. जिंकणारा माणूस जोडीदाराचं नाव शेवटी सांगू शकतो, आणि हरणाऱ्याला ते आधी सांगावं लागतं.

लवकर नाव सांगणारा प्रत्येक जण अडचणीतच असतो, असं मात्र नाही. २०२४ मध्ये अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी धाकटे यांनी २६ मार्चलाच निकोल शॅनाहान यांचं नाव सांगितलं. त्यामागे कायद्याची सक्ती होती. मतपत्रिकेवर जागा मिळवण्यासाठी सह्या गोळा करताना अपक्षानं उपाध्यक्षाचं नावही द्यावं, असा काही राज्यांचा नियम आहे. उलट, घाईघाईनं उशिरा केलेली निवड काय करू शकते, तेही पाहा. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी अधिवेशनाच्या धांदलीत थॉमस ईगल्टन यांना निवडलं. ईगल्टन यांनी मानसिक आजारासाठी उपचार घेतल्याचं नंतर उघड झालं आणि १८ दिवसांत उमेदवार बदलावा लागला. म्हणजे दोष लवकर सांगण्यात नाही. दोष आहे तो पहिल्या नावाची उणीव दुसऱ्या नावानं झाकण्यात.

अमेरिकेत हे दुसरं नाव नुसतं शोभेचं नाही. पदावरच्या अध्यक्षाचा मृत्यू झाला किंवा त्यानं राजीनामा दिला, तर उपाध्यक्ष उरलेली सगळी मुदत अध्यक्ष म्हणून काम करतो. असं आजवर नऊ वेळा घडलं. हॅरी ट्रुमन फक्त ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले आणि महायुद्ध संपवण्याची जबाबदारी ट्रुमन यांच्यावर आली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या घटनेनं हा धोका वेगळ्या रीतीनं सोडवला आहे. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर उपराष्ट्रपती फक्त कार्यवाहक होतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावीच लागते. मे १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर बी. डी. जत्ती असे कार्यवाहक झाले होते. त्यामुळे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला जोडीदार लागत नाही.

खानदेशानं याचा धडा घरातच पाहिला आहे. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या आणि १९६२ मध्ये जळगावातूनच विधानसभेत गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या. त्यांच्यासमोर होते भैरोंसिंह शेखावत, त्या वेळचे उपराष्ट्रपती. म्हणजे जी दोन पदं अमेरिकेत एका जोडीनं लढवली जातात, त्यातल्या दुसऱ्या पदावरचा माणूस इथे पहिल्या पदासाठी विरोधात उभा होता. याच शेखावतांनी २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या लढतीत सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांना हरवलं होतं.

२००७ ला शेखावतांची बाजू कमकुवत होती, कारण संख्याबळ विरोधात होतं. त्यात त्यांच्या बाजूच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीतलीच शिवसेना मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली. अमेरिकेत अशा अवस्थेतला उमेदवार एखाद्या नव्या गटाला खूश करणारा उपाध्यक्ष पुढे करून पाहतो. शेखावतांना ती सोयच नव्हती. १९ जुलैला मतदान झालं. २१ तारखेला निकाल लागला : प्रतिभाताई ६,३८,११६ आणि शेखावत ३,३१,३०६. सत्ताधारी आघाडीनं हमीद अन्सारी यांचं नाव उपराष्ट्रपतिपदासाठी पुढे केलं ते राष्ट्रपतिपदाचं मतदान आटोपल्यावर. १० ऑगस्टच्या निवडणुकीत अन्सारी यांना ४५५, नजमा हेपतुल्ला यांना २२२ आणि रशीद मसूद यांना ७५ मतं मिळाली. दोन पदं, दोन मतदारवर्ग, दोन निकाल. नाडगावच्या लेकीला मिळालेलं प्रत्येक मत तिच्या एकटीच्या नावावर पडलं.

राष्ट्रपती भवनासाठी ही व्यवस्था चांगली आहे. पण ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत आपण एका विचित्र मधल्या जागी येऊन थांबलो आहोत. सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये परत आला. नगराध्यक्षाचंही तसंच : २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. आज पहिलं नाव मतदार ठरवतो. उपसरपंच आणि उपनगराध्यक्ष मात्र निवडून आलेले सदस्य ठरवतात.

कागदावर हे सरळ दिसतं. पण गावात पॅनेल बांधताना काय होतं, हे शिरपूरपासून चाळीसगावपर्यंत कुणालाही सांगायची गरज नाही. ज्याचं पॅनेल कमी पडतंय, तो पॅनेलप्रमुख दुसऱ्या भावकीतल्या किंवा दुसऱ्या गटातल्या वजनदार माणसाकडे जातो आणि ‘सरपंच आमचा, उपसरपंच तुमचा’ असा शब्द देतो. कधी अडीच-अडीच वर्षांची वाटणी ठरते, कधी त्याहून बारीक. रेगन यांनी श्वायकर यांच्याशी केला, तोच हा सौदा. फरक एवढाच की रेगन यांनी तो वार्ताहरांसमोर मांडला, त्यामुळे त्यांच्या समर्थकांना रागावता आलं, सवाल विचारता आला, बाजू बदलता आली. आपल्याकडे शब्द बंद खोलीत दिला जातो आणि मतदाराला तो निकालानंतर, पहिल्या बैठकीच्या दिवशी कळतो. वाटणीचा शब्द मोडला तर अविश्वास ठरावांची रांग लागते, आणि पाणीयोजनेची फाइल टेबलावर पडून राहते.

उपसरपंच हे पद लहान म्हणून हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. सरपंच रजेवर, आजारी किंवा अपात्र ठरला, की कारभार उपसरपंचाकडे येतो. सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल, तिथे तर उपसरपंच कोण यावर त्या बाईंना मोकळेपणानं काम करता येईल की नाही, हेच पुष्कळदा ठरतं. एवढं वजनदार दुसरं नाव मतदारापासून लपवणं ही त्याची फसवणूक आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हरणाऱ्या उमेदवारानं जोडीदाराचं नाव आधी सांगितल्यानं तो जिंकत नाही. १९७६ आणि २०१६ या दोन्ही वेळी तसंच घडलं. पण मतदारानं मत देण्याआधी दुसरं नाव ऐकलं पाहिजे, हे तत्त्व त्या पराभवांमुळे खोटं ठरत नाही. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहायला नको. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत पॅनेलची माणसं पत्रकं घेऊन दारात येतील. त्यांना चहा द्या आणि आपल्या अहिराणीतच विचारा, “तुमना दुसरा कोन शे?” उत्तर चारचौघांत मिळालं तर पुढचं बोला. उत्तर टाळलं, तर त्या पॅनेलला मत देण्याआधी दोनदा विचार करा.