शाप कुणाला दिला?

थेबेस नगरीत रोगाची साथ पसरली आहे. आधीचा राजा लायस याचा खुनी शहरातच आहे, त्याला हाकला, असा देवाचा कौल येतो. राजा इडिपस सगळ्यांसमोर त्या खुन्याला शाप देतो. खुनी तोच आहे. प्रेक्षकांना हे ठाऊक असते, त्याला नसते.

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या या नाटकाची ताकद इथे आहे. ग्रीक प्रेक्षक कथा माहीत असूनच यायचे. त्यामुळे इडिपसचे साधे वाक्यही त्यांना दुहेरी ऐकू येई. आंधळा द्रष्टा टायरेसियस सत्य जाणतो आणि डोळस राजा त्यालाच हिणवतो.

मग दोष नशिबाचा का? बापाला मारशील, आईशी लग्न करशील, हे डेल्फीचे भाकीत ऐकून इडिपस तो जिथे वाढला त्या कॉरिंथपासून दूर पळाला आणि वाटेत तिवाट्यावर नेमका खरा बाप लायसच भेटला व त्याच्या हातून मारला गेला. इथवर दैव. पण रंगमंचावर दिसतो तो शोध इडिपसचा स्वतःचा आहे. त्याची राणी योकास्टा विनवते, म्हातारा मेंढपाळ गयावया करतो, तरी तो थांबत नाही. हीच जिद्द त्याचा मोठेपणा, आणि हीच त्याचा घात करते. त्याला दैवाच्या हातचे बाहुले म्हणणे अन्यायाचे आहे.

पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले आहे. शेवट माहीत असला तरी ते जरूर वाचा.