विमानाच्या इंजिनात धरणारा बर्फ

आभाळ जवळजवळ निरभ्र, खाली हिरवी शेते, हवा सुखद. आणि अशा वेळी लहान विमानाचे इंजिन बर्फाने कोंडून बंद पडावे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. तथापि ज्या पेट्रोल इंजिनास कार्बुरेटर असतो, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने १९५८ साली प्रथम उडविलेले आणि पुढे आपल्या देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत नवशिक्यांच्या हाती गेलेले ‘पुष्पक’ विमान याच जातीचे होय.

यातील कारण घरच्या माठासारखे आहे. माठाला पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते व आतील पाण्याची उष्णता नेते. कार्बुरेटरात पेट्रोलही वाफ होताना हवेची उष्णता असेच शोषून घेते. शिवाय तेथील अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरून ती आणखी निवते. या दोहोंमुळे तपमान ३० अंश सेल्सिअसपर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक उतरू शकते, आणि हवेतील बाष्प थ्रॉटलच्या झडपेवर गोठते. म्हणूनच कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा १५-२० अंशांची दमट हवा अधिक फसवी.

इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागणे ही ‘पुष्पक’सारख्या विमानातील पहिली खूण. नवशिका थ्रॉटल थोडा पुढे सारतो, फेरे सावरतात, आणि बर्फ मात्र वाढतच राहतो! खरा उपाय म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा देणारा दांडा पूर्ण ओढणे. लगेच फेरे अधिकच उतरतात, कारण गरम हवा विरळ असते. बर्फ वितळून पाणी आत गेल्याने इंजिन खोकू लागते. घाबरून दांडा परत ढकलण्याचा मोह येथेच होतो. तो आवरावा व फेरे पुन्हा चढेपर्यंत धीर धरावा.

उशीर मात्र मुळीच परवडत नाही. ही गरम हवा इंजिनाचाच धूर बाहेर नेणाऱ्या नळीभोवती तापते. इंजिन थांबले की नळी निवते. मग दांडा ओढून काय मिळणार? यास्तव उतरताना थ्रॉटल मिटण्यापूर्वीच दांडा ओढावा, आणि उतरण लांबल्यास मधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिन ऊबदार ठेवावे.

उड्डाणापूर्वी जमिनीवरच दांडा ओढून पाहावा. फेरे किंचित उतरले नाहीत, तर गरम हवा पोहोचत नाही असे समजावे व विमान कारागिराच्या स्वाधीन करावे.