आधी आवाज, मग रक्ताचा थेंब

खान्देशातलं, वाघूर नदीकाठचं पहूर. मे महिन्याची भर दुपार. समजा, पेठेतल्या एखाद्या घरात कालपर्यंत नीट वागणारा माणूस आज आरडाओरडा करतोय, घरच्यांनाही ओळखत नाही. दाराशी गर्दी जमलीय. कुणी म्हणतं बाहेरचं लागलं, कुणी म्हणतं दोरी आणा. तेवढ्यात १०८ ची रुग्णवाहिका येते.

२०१४ पासून महाराष्ट्रभर धावणाऱ्या या गाडीत डॉक्टर असतात. अशा वेळी त्यांचं पहिलं हत्यार म्हणजे स्वतःचा आवाज. सायरन बंद, गर्दी बाहेर, बोलणारं माणूस एकच. हात पोचणार नाही इतकं अंतर राखून, दाराची वाट न अडवता ते हळू म्हणतात, ‘‘भाऊ, मी डॉक्टर आहे. तुम्हाला दिसतंय ते मला दिसत नाही, पण तुम्ही घाबरलाय हे कळतंय.’’ भ्यालेल्या माणसापर्यंत शब्दांच्या आधी सूर पोचतो. श्वास जरा संथ होतो, हात पुढे येतो. त्या हाताच्या बोटातून डॉक्टर रक्ताचा एक थेंब घेतात.

मन बिघडलेलं दिसतंय आणि तपासायची साखर? हो, कारण आपला मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा एकटा खातो आणि साठवण जवळजवळ शून्य! मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण राहिलं, की हाच मेंदू उपाशी पडू शकतो आणि माणूस भलतंच बोलू लागतो. शिरेतून ग्लुकोज गेलं, की अनेकदा काही मिनिटांत तोच माणूस विचारतो, ‘‘एवढी माणसं का जमलीत?’’

शरीर अशी कितीतरी सोंगं घेतं. खान्देशच्या उन्हातला उष्माघात बरळायला लावतो. कपाशीवर फवारायच्या काही कीटकनाशकांची बाधा झाली, तर बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घाम आणि लाळ गळते. धोतऱ्याने नेमकं उलटं: बाहुल्या मोठ्या, अंग कोरडं. रोजची दारू एकदम सुटली, की दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसू शकतात. बाहुल्यांमधला हा फरक बघायलाच डॉक्टर टॉर्च डोळ्यांवर धरतात.

आणि आजार खरोखर मनाचाच निघाला तर? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की जिवाला धोका असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. धरून ठेवायचं तेही दुसरा इलाजच नसेल तर आणि गरजेपुरतंच. पालथं दाबून तर कधीच नाही, त्याने श्वास कोंडतो. जीव द्यायला निघालेल्याकडे हा कायदा गुन्हेगार म्हणून नाही, असह्य ताणाखालचा माणूस म्हणून बघतो. मन जड झालं असेल, तर १४४१६ या फोन क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

आपल्या गल्लीत असा प्रसंग आला, तर १०८ लावा. आणि दोरी आणायला निघालेल्याला घरात पाठवा, रुग्णाच्या गोळ्यांचं पाकीट शोधायला. डॉक्टर आल्याबरोबर तेच विचारणार आहेत.