पॉडकास्टवर पोट भरते काय?

कीर्तनाला मंडप भरला, म्हणून कीर्तनकाराचे घर भरते असे नाही. किती लोक ऐकून गेले यापेक्षा आरतीच्या ताटात किती जणांनी पैसे टाकले, यावर त्याचा संसार अवलंबून. पॉडकास्टचे अर्थशास्त्र याहून फार वेगळे नाही.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. श्रोत्याला तो बहुधा फुकट मिळतो. मग करणाराने खावे काय?

पहिला मार्ग जाहिरातीचा. अमेरिकेत जाहिरातीचा दर हजार श्रवणांमागे ठरतो; तो साधारणतः १५ ते २५ डॉलर असतो. आपण २० धरू. समजा, आठवड्याला एक भाग निघतो, तो ५,००० लोक ऐकतात आणि त्यात दोन जाहिराती आहेत. म्हणजे चार आठवड्यांचे ८०० डॉलर झाले. जाहिरात मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने त्यातले ३० टक्के घेतले, की उरतात ५६०. तिकडच्या शहरात एवढ्यात घरभाडेही भागत नाही. आणि ५,००० श्रोते ही काही लहान गोष्ट नव्हे; बहुतेकांना तेवढेही लाभत नाहीत.

शिवाय मोजमाप परक्याच्या हाती. २०२३ साली ॲपलने, न ऐकलेले भाग श्रोत्याच्या फोनमध्ये आपोआप उतरवून ठेवणे कमी केले. ऐकणारे होते तेवढेच राहिले; परंतु अनेक कार्यक्रमांचा आकडा घसरला. आणि पैसे तर आकड्यालाच बांधलेले!

मोठ्यांचा आश्रय तरी टिकाऊ म्हणावा, तर तसेही नाही. स्पॉटिफायने २०१९ साली गिम्लेट ही नामांकित संस्था विकत घेतली. २०२३ मध्ये तिचे विलीनीकरण झाले व पॉडकास्ट विभागातील सुमारे २०० नोकऱ्या गेल्या.

दुसरा मार्ग वर्गणीचा. २०१३ साली निघालेल्या पॅट्रिऑनसारख्या संस्थांमार्फत श्रोता दरमहा थोडी रक्कम देतो. वरच्याच ५,००० श्रोत्यांपैकी शंभरांत पाच, म्हणजे २५० जणांनी, पाच-पाच डॉलर दिले तर १,२५० डॉलर होतात. संस्थेचा वाटा व देवघेवीचा खर्च वजा जाता हजारभर उरतात. शंभरांत पाच मिळणे हेही भाग्यच. आणि एवढ्याने तिकडे संसार चालेल असे नव्हे. म्हणून पुष्कळजण नोकरी सांभाळूनच हा उद्योग करतात. तरीही जाहिरातीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मूठभर माणसांकडून येते, आणि ती माणसे आकडा बदलला म्हणून निघून जात नाहीत.

तात्पर्य, या धंद्यात उतरणाराने मंडप किती भरला हे जरूर पाहावे. परंतु नोकरी सोडण्यापूर्वी ताट मोजावे.