टर्कीची पिल्ले

टर्की हा कोंबडीपेक्षा पुष्कळ मोठा पक्षी आहे. त्याचे मूळ घर अमेरिका. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून काही दुर्मीळ पशुपक्षी बादशहा जहांगीरच्या दरबारात आणले. त्यांत टर्कीही होता. त्याच्या डोक्याचे व मानेचे रंग बदलताना पाहून बादशहाला फार नवल वाटले. त्याने ते 'तुझुक-ए-जहांगीरी'त लिहून ठेवले. उस्ताद मन्सूरने त्या पक्ष्याचे सुंदर चित्रही काढले.

अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत अंगणात कोंबड्या दिसतात. पण टर्कीची पिल्ले आणली, तर कोंबडीचा अनुभव पुरेसा पडत नाही. कोंबडीचे पिल्लू लवकरच दाणे टिपू लागते. टर्कीची पुष्कळ पिल्ले मात्र दाण्यांजवळ उभी राहूनही खात नाहीत. अंड्यातील बलक पोटात शिल्लक असतो, तोवर दोन-तीन दिवस ती तग धरतात. मग एकामागून एक मरतात. भांडे भरलेले दिसते, म्हणून मालकाला वाटते की रोग आला. खरे कारण असते भूक!

हे टाळायचे कसे?

पिल्ले येण्यापूर्वीच जागा उबदार करा. पुठ्ठ्याचे फूटभर उंच गोल कुंपण करा. कोपरे असले, तर पिल्ले तेथे एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताचे कोरडे तूस पसरून त्यावर खरखरीत कागद घाला. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय घसरतात.

मध्यभागी विजेचा दिवा टांगा. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करा. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजते. ती दूर पळून धापा टाकू लागली, तर उष्णता जास्त झाली असे समजा. वीज गेली, तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत ठेवा.

पिल्ले येताच आधी पाणी पाजा. प्रत्येकाची चोच हलकेच पाण्यात बुडवा. भांडे उथळ ठेवून त्यात रंगीत गोट्या टाका. गोट्या पाहून पिल्ले चोच मारतात, आणि पाण्यात बुडतही नाहीत. मग दाण्यांच्या ताटलीत बोटाने टकटक करा. हे दिवसातून अनेकदा करा. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्या. एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर दूध मिसळूनही देतात. असे पाणी आंबण्यापूर्वी बदलावे.

आपल्या भागात पाऊस भरपूर पडतो. तूस ओले झाले, की रक्ती हगवण पसरते. म्हणून ओले तूस लगेच काढून टाका. टर्की व कोंबड्या एकत्र ठेवू नका. कोंबडीला फारसा त्रास न देणारा एक रोग टर्कीचा जीव घेतो. लसीकरणाबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

टर्कीची मादी चोचीने टिपून दाखवते आणि पिल्ले शिकतात. विकत आणलेल्या पिल्लांजवळ आई नसते. तेव्हा आपले बोट हीच त्यांच्या आईची चोच!

स्वाध्याय
१) भांडे भरलेले असूनही टर्कीची पिल्ले का मरतात?
२) कुंपण गोल का करावे?
३) पाण्यात रंगीत गोट्या टाकण्याचे दोन फायदे लिहा.