बोरूला घाई चालत नाही

काहीतरी नवं करायला बसलं की नेमकं कपाट आवरायचं सुचतं? मग सुलेखन करून पाहा; लेखणी म्हणून बोरू घ्या. नाही मिळाला तर बांबूची कामटीही चालते. टोक तिरकं छाटायचं आणि मधोमध बारीक चीर द्यायची. शाई त्या चिरेतून उतरते. टोकाचा कोन कायम ठेवला की देवनागरीची जाड-बारीक वळणं आपसूक येतात. हात घाईत ओढला तर शाई तुटते, रेघ कोरडी खरवडत जाते. सुरुवातीला फक्त उभ्या रेघा आणि अर्धगोल. सुविचार-बिविचार नंतर! कागद पाठकोरेच घ्या, महागड्या वहीपुढे हात हमखास आखडतो. अच्युत पालवांची सुलेखनं जरूर पाहा, पण थोडा सराव झाल्यावर. आधी पाहिलीत तर बोरू खाली ठेवावासा वाटेल.