जास्त मते, तरीही पराभव

देशभरात ज्याला जास्त मते, तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, असा समज बाहेरून पाहणाऱ्यांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात निवड करते ते इलेक्टोरल कॉलेज (राज्याराज्यांतून निवडलेल्या ५३८ प्रतिनिधींचे निर्वाचक मंडळ). विजयाला २७० लागतात.

हे बॅडमिंटनसारखेच आहे: पहिला गेम २१-५ जिंकून पुढचे दोन १९-२१ असे गमावले, तर एकूण गुण जास्त असूनही सामना हातचा जातो.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मते जास्त पडली. पण मिशिगन ट्रम्प यांनी अवघ्या १०,७०४ मतांनी जिंकले आणि तिथले सर्व १६ प्रतिनिधी त्यांच्या पारड्यात पडले. राज्यात जास्त मते मिळवणाऱ्याला तिथले सर्व प्रतिनिधी, हाच नियम मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियातले क्लिंटन यांचे प्रचंड मताधिक्य मिशिगनमध्ये कामी आले नाही.

म्हणून निकालाच्या रात्री देशभरातल्या टक्केवारीपेक्षा पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा अटीतटीच्या राज्यांचे आकडे आधी पाहावेत.